हजेरीपटावरील नाव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने योजिलेल्या या व्याख्यानमालेत चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, त्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. याच व्यासपीठावरून आजवर विद्वान प्राध्यापक, नामवंत लेखक आणि गायक बोलून गेले. आम्ही त्यांपैकी कोणीच नव्हे. बी. ए. ची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलेले आणि तीस वर्षे टिपण्या लिहिण्यात घालविलेले आम्ही एक साधे अधिकारी आहोत. वर्गातील भेदभाव आणि शिक्षकाचे कर्तव्य हा विषय आम्ही निवडला, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "तुम्ही कधी खडू हातात धरला आहे काय?" खडू धरलेला नाही. परंतु वडिलांची नोकरी बदलीची, त्यामुळे तीन प्रांतांतील चार शाळांच्या बाकांवर आम्ही बसलो आणि प्रत्येक ठिकाणी 'नवा मुलगा' ठरलो. पुढे आमच्या कन्येच्या वाट्यालाही तेच आले. बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच आहे.

आरंभ एका अक्षरापासून करू. आमच्या आडनावात एक 'ळ' आहे. महाराष्ट्रात असेतोवर या अक्षराकडे आमचे कधी लक्ष गेले नाही. १९८१ साली वडिलांची बदली खडगपूरला झाली. रेल्वेच्या त्या विस्तीर्ण वसाहतीत बंगाली, तेलुगू, ओडिया, बिहारी अशा सर्व प्रांतांचे लोक होते आणि शाळेतील वर्गही तसाच पंचरंगी होता. आम्ही पाचवीत दाखल झालो. पहिल्याच दिवशी वर्गशिक्षकांनी हजेरी घेताना आमच्या आडनावातील 'ळ'चा प्रथम 'ल' केला, मग 'र' केला आणि शेवटी, "हे कसले नाव?" असे म्हणून ते हसले. मास्तर हसले, तेव्हा वर्गाला हसण्याचा परवानाच मिळाला. आमची हिंदी मराठी वळणाची. एक वाक्य आम्ही चुकीचे वाचले. ते आमच्याकडून तीन वेळा वाचवून घेण्यात आले आणि तिन्ही वेळा वर्ग हसला. छडी नाही, शिवी नाही. पण त्या दिवसापासून सहामाही परीक्षेपर्यंत आम्ही वर्गात आपण होऊन तोंड उघडले नाही. घरी सांगितले नाही. सांगायचे तरी काय? कोणी मारले असते, तर दाखवावयास वळ तरी असता.

त्याच शाळेत भूगोल शिकविणारे एक बंगाली मास्तर होते. एके दिवशी त्यांनी हजेरीपट पुढे ओढला आणि आमच्या नावापाशी थांबून आम्हांलाच म्हणाले, "हे नाव तुझे आहे. ते कसे म्हणायचे हे तुलाच ठाऊक. तू शिकव, आम्ही शिकू." आम्ही भीत भीत नाव उच्चारले. मास्तरांनी प्रयत्न केला. त्यांना 'ळ' साधला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, आणि मग एकामागून एक सर्व वर्गाला प्रयत्न करावयास लावले. बंगाली मुलांची जीभ अडखळली, बिहारी मुलांची अडखळली. ओडिया आणि तेलुगू मुलांनी मात्र एका दमात 'ळ' म्हणून दाखविला, कारण तो त्यांच्या भाषांतही आहे. कधी नव्हे तो त्यांचा वर्गात जयजयकार झाला. त्या दिवशीही वर्ग हसला, पण जो तो स्वतःच्याच जिभेला हसत होता, आणि आम्हीही त्यांच्याबरोबर हसत होतो.

तास संपल्यावर मास्तरांनी आम्हांस जवळ बोलाविले. फाळणीनंतर दहा वर्षांचे असताना ते पूर्व बंगालमधून कलकत्त्यास आले होते. त्यांची पूर्वेकडील बोली ऐकून वर्गातील मुले त्यांना 'बांगाल' म्हणून चिडवीत. ते म्हणाले, "मुले हसत, त्याचे मला फार वाटले नाही. आमचे मास्तर हसत. मास्तरच हसू लागले, तर मुलाने दाद कोणाकडे मागावी?" हे वाक्य आम्ही आज पन्नाशी उलटल्यावरही विसरलेलो नाही. स्वतःला झालेली जखम या गृहस्थांनी कुरवाळीत ठेवली नाही. तिची त्यांनी एक रीत बनविली. हजेरी घेताना प्रत्येक मुलाचे नाव त्याच्याच तोंडून शिकावयाचे, ही ती रीत होय.

मित्रहो, वर्गातील भेदभाव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एखादा दुष्ट शिक्षक उभा राहतो. वस्तुतः भेदभाव हा बहुधा दुष्टपणात नसून व्यवस्थेत असतो. कोण कोठे बसतो, पाणी कोणाच्या हातून मिळते, नाव कसे पुकारले जाते, डबा कोणाबरोबर उघडला जातो, यांत तो असतो. याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्याच मातीतला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या छोट्याशा आत्मकथनात साताऱ्यातील बालपणाचे अनुभव लिहून ठेविले आहेत. वर्गात सर्व मुलांमध्ये न बसता त्यांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसावयास गोणपाटाचा तुकडा असे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून तो संध्याकाळी घरी न्यावयाचा आणि सकाळी परत आणावयाचा. तहान लागली तर इतर मुलांना शिक्षकांची परवानगी पुरे होई. बाबासाहेबांना मात्र नळाला हात लावता येत नसे. शाळेच्या शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे. शिपाई नसला, तर त्या दिवशी पाणी नाही!

या सर्व वर्णनात कोणी कोणाला शिवी दिल्याचा उल्लेख नाही, हे ध्यानात घ्यावे. गोणपाट, तोटी आणि शिपाई यांची व्यवस्था तेवढी आहे. ती शांतपणे, नियमाप्रमाणे रोज चालत असे. शिक्षक कदाचित सज्जनही असतील. पण व्यवस्था जशी होती तशी त्यांनी चालू ठेविली, आणि एका तहानलेल्या मुलाच्या दृष्टीने सज्जन शिक्षक आणि दुर्जन शिक्षक यांत काही अंतर उरले नाही.

म्हणून व्यवस्थेला उत्तर द्यावयाचे ते व्यवस्थेनेच. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हे ओळखले होते. अस्पृश्यांना पाणी नाकारणाऱ्या विहिरीचा रहाट त्यांनी लहानपणी मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. रहाट मोडणारी मुले आणखीही झाली असतील. भाऊरावांचे मोठेपण असे, की त्या संतापाचे त्यांनी पुढे वसतिगृह केले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र श्रम करीत, एकाच पंक्तीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. समतेवर व्याख्यान ऐकून मूल समता शिकत नाही. शेजारच्या ताटात कोण जेवतो आहे याची त्याला सवय झाली, म्हणजे ते शिकते.

येथपर्यंत आमचे म्हणणे आपणा सर्वांस मान्य होण्यासारखे आहे. ज्याने सोसले, तो दुसऱ्याचे जाणतो, असा त्याचा सोपा निष्कर्षही निघेल. आम्हीही बरीच वर्षे तसेच मानीत होतो. परंतु हा निष्कर्ष खरा नाही, आणि तो कसा खोटा ठरला हे सांगताना आम्हांस आमचीच लाज सांगावी लागत आहे.

२०१२ साली आमची बदली दिल्लीस झाली. कन्या शहरातील एका शाळेत जाऊ लागली. २०१४ च्या जानेवारीअखेर दिल्लीच्या लाजपतनगर बाजारात अरुणाचल प्रदेशातील निडो तानिया या विद्यार्थ्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. त्याच्या केसांवरून आणि चेहऱ्यामोहऱ्यावरून झालेल्या टवाळीतून ते प्रकरण उद्भवले होते. देशभर हळहळ झाली. ईशान्य भारतातील नागरिकांच्या अडचणींचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कार्यालयात आम्ही त्या विषयावर मोठ्या पोटतिडकीने बोललो. वंशभेद हा काही केवळ परदेशातील रोग नव्हे, असेही बोललो.

त्याच वर्षीच्या जुलैमधील ही गोष्ट. रात्री जेवताना सहावीतली आमची कन्या वर्गातील गंमत सांगत होती. वर्गात मणिपूरचा एक मुलगा होता. त्याचा उल्लेख तिने 'आमचा चिंकी' असा केला. त्याच्या डब्यातल्या पदार्थाला कसा वास येतो आणि मुले नाक धरून कशी बाक बदलतात, याची तिने नक्कल करून दाखविली. नक्कल हुबेहूब होती. आणि आम्ही हसलो.

होय, आम्ही हसलो. खडगपूरच्या वर्गात ज्या हसण्याने आमचे तोंड सहा महिने बंद केले होते, तेच हसणे आमच्या जेवणाच्या ताटावरून उठले आणि आम्हांस ते ओळखूही आले नाही.

पुढल्या आठवड्यात वर्गशिक्षिकेने आम्हां पतिपत्नींना भेटावयास बोलाविले. बाई केरळच्या, पण वाढलेल्या दिल्लीत. त्यांनी कन्येची तक्रार केली नाही. त्यांनी एवढेच विचारले, "तुमच्या मुलीच्या मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाचे नाव तुम्हांला ठाऊक आहे काय?" आम्हांस ते ठाऊक नव्हते. तीन महिने त्याच्या गमती आम्ही ऐकत होतो, पण नाव विचारले नव्हते. बाई शांतपणे म्हणाल्या, "त्या मुलाला वर्गात जो शब्द म्हटला जातो, तो शब्द शाळेने शिकविलेला नाही." त्या वेळी आमची मान खाली गेली. परदेशी बातम्या वाचून ज्याला आम्ही वंशभेद म्हणत होतो, तो आमच्या स्वयंपाकघरातून डबा घेऊन शाळेत जात होता.

सोसलेला मनुष्य आपोआप शहाणा होत नाही. किंबहुना, आपण सोसले आहे या समाधानात तो अधिकच बेसावध होतो. अनुभव हे नुसते बियाणे होय. त्याची रोजची रीत केली नाही, तर ते कोठीत किडून जाते. हेच आम्ही आज आपणांस सांगावयास उभे आहोत.

त्या बाईंशी पुढे आमचा परिचय वाढला. लहानपणी वर्गात त्यांना 'मद्रासी' म्हणत. केरळ आणि मद्रास यांत फरक आहे, हे सांगून सांगून त्या थकल्या होत्या. त्या अनुभवातून त्यांनी आपल्या वर्गासाठी काही नेम घालून घेतले होते, ते येथे नमूद करतो. वर्षारंभी पहिल्या आठवड्यात प्रत्येक मूल आपले नाव वर्गाला शिकवी. खडगपूरच्या मास्तरांची आमची हकीकत त्यांना नंतर कळली, तेव्हा त्यांनाही नवल वाटले. दर सोमवारी बसण्याच्या जागा बदलत, म्हणजे कोणताही कोपरा कोणाच्या नावे लागत नसे. डबा खाताना कोणाच्या अन्नावर शेरा मारावयाचा नाही, हा नेम शिक्षकांनाही लागू होता. एखाद्या मुलाला उठवून "तुमच्याकडे काय असते, सांग" असे विचारून त्याला साऱ्या प्रांताचा वकील करावयाचे नाही. अपशब्द कानी आला तर तो उच्चारणाऱ्याला सर्वांसमक्ष शिक्षा करावयाची नाही, कारण त्याचा राग शेवटी दुबळ्यावरच निघतो. आणि ज्याला तो शब्द लागला, त्यालाही उभे करून त्याची कीव करावयाची नाही. दोघांशी वेगवेगळे बोलावयाचे आणि मग घराशी बोलावयाचे.

आम्ही एकदा त्यांना अमेरिकेतील जेन एलियट या शिक्षिकेच्या प्रयोगाविषयी विचारले. हा प्रयोग आपणांपैकी काहींच्या वाचनात आला असेल. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी आयोवा राज्यातील राइसव्हिल या लहानशा गावी तिसरीच्या वर्गात एलियटबाईंनी मुलांचे डोळ्यांच्या रंगावरून दोन गट पाडले. वर्गातील सगळीच मुले गोरी. काळ्या मुलाला काय सोसावे लागते, हे त्यांना कळणार कसे? म्हणून एका रंगाच्या डोळ्यांची मुले श्रेष्ठ आणि दुसऱ्या रंगाची कनिष्ठ, असे बाईंनी जाहीर केले आणि पुढे ते उलटे केले. या वर्गावर १९७० साली अनुबोधपट निघाला. त्यात कनिष्ठ ठरलेल्या मुलांच्या गळ्यात कापडी पट्टे दिसतात. पाण्याच्या तोटीला तोंड लावावयास त्यांना मनाई आहे, त्यांनी कागदी पेल्यातून प्यावयाचे. साताऱ्याच्या शाळेतील तोटी आणि आयोवातील तोटी यांमध्ये सात समुद्रांचे अंतर आहे, पण भेदभावाला दोन्हीकडे पाण्याचीच वाट सापडली! थोड्या वेळातच श्रेष्ठ ठरलेली गुणी मुले कनिष्ठांना हिणवू लागली आणि कनिष्ठ ठरलेली हुशार मुले अभ्यासात अडखळू लागली.

हा प्रयोग जगभर गाजला आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. एवढ्या कोवळ्या मुलांना असे दुःख देण्याचा शिक्षकाला अधिकार आहे काय, हा प्रश्न आजही विचारला जातो. आमच्या बाईंचे उत्तर असे होते : "त्या वर्गात कोणालाच तो अनुभव नव्हता, म्हणून एलियटबाईंना तो निर्माण करावा लागला. माझ्या वर्गात तो रोज कोणाला ना कोणाला येतोच आहे. मला नवा निर्माण करावयाचा नाही. आहे तो थांबवावयाचा आहे." याहून नेमके उत्तर आमच्या वाचनात नाही.

कायद्याची बाजूही दोन शब्दांत सांगितली पाहिजे. संविधानाने धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास पंधराव्या अनुच्छेदात राज्याला मनाई केली आहे आणि सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक त्रास देण्यासही बंदी घातली. बेझबरुआ समितीने ईशान्येचा इतिहास आणि संस्कृती यांना अभ्यासक्रमात स्थान द्यावे, अशी शिफारस केली, आणि २०१७ साली एन.सी.ई.आर.टी.ने ईशान्य भारतावर एक पूरक पुस्तक काढले. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि, २०२० च्या मार्चमध्ये महामारी आली, तेव्हा ईशान्येकडील लोकांना रस्त्यांत 'कोरोना' म्हणून हिणविण्यात आले आणि केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना त्याबाबत सूचना पाठवाव्या लागल्या. परिपत्रके काढण्यात आमचा जन्म गेला आहे. परिपत्रक शाळेच्या दारापर्यंत पोहोचते. तेथून शेवटच्या बाकापर्यंतचे अंतर शिक्षकालाच तोडावे लागते.

ज्ञानाचाही यात वाटा आहे. त्या वर्षी बाईंनी मुलांना लाचित बडफुकन यांच्यावर प्रकल्प दिला. १६७१ साली सराईघाटच्या लढाईत ब्रह्मपुत्रेच्या पात्रात मोगल सैन्याला थोपविणारा हा आहोम सेनापती. त्या वेळी आपल्या सह्याद्रीत शिवछत्रपती त्याच मोगल सत्तेशी झुंजत होते. पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सर्वोत्कृष्ट छात्राला लाचित यांच्या नावाचे सुवर्णपदक १९९९ पासून दिले जाते. आमच्या दारातील ही गोष्ट आम्हांस आमच्या अकरा वर्षांच्या मुलीने सांगितली. ज्याचा पूर्वज आपल्याला ठाऊक आहे, त्याला टोपणनावाने हाक मारणे जड जाते.

त्या मणिपुरी मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. आमच्या कन्येने त्याची क्षमा मागितली आणि त्याचे नाव नीट म्हणावयास ती त्याच्याकडूनच शिकली. गणपतीत ते कुटुंब आमच्या घरी येऊन गेले. मुलगा फारसे बोलला नाही. पुढल्या वर्षी त्याच्या वडिलांचीही बदली झाली. तो सारे विसरला की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. विसरला असेल, असे आम्ही मानीत नाही, कारण आम्ही स्वतः खडगपूर विसरलेलो नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या मंडळासंबंधी आहे. परप्रांतात मराठी टिकावी म्हणून आपण रविवारचा मराठी वर्ग चालवितो. तो आपल्या अभिमानाचा विषय आहे. परंतु त्या वर्गात आज कोण मुले येतात? ज्यांची आई मराठी आणि वडील दुसऱ्या प्रांतांचे, अशी मुले येतात. वसाहतीत कामासाठी मराठवाड्यातून आणि खानदेशातून आलेल्या कुटुंबांची मुले येतात, आणि त्यांची बोली आपल्या पुस्तकी मराठीहून निराळी असते. त्यांच्या बोलीला वर्गात हसू फुटते, असे आमच्या कानावर आले आहे. ज्या लोकांनी आपल्या 'ळ'साठी परक्या वर्गांत मान खाली घातली, त्यांनीच आपल्या वर्गात दुसऱ्याच्या बोलीला हसावे काय?

म्हणून कार्यकारिणीपुढे आमची एक नम्र सूचना आहे. सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून आपण सभागृहाला रंग देणार आहोत, तो अवश्य द्यावा. त्याबरोबरच रविवारच्या वर्गासाठी नवा हजेरीपट घालावा आणि पहिल्या रविवारी प्रत्येक मुलाने आपले नाव, आपल्या बोलीत, वर्गाला शिकवावे. यास खर्च काही नाही. ठरावाचीही आवश्यकता नाही. शिकविणाऱ्यांपैकी एकजण नसेल त्या रविवारी आम्ही स्वतः हजेरी घ्यावयास येऊ, आणि ज्या मुलाचे नाव आमच्या जिभेला साधणार नाही, त्याच्यापुढे उभे राहून ते साधेपर्यंत शिकू.